भरल्या गाडीला बातमी देत नाहीत

दाजी, तुमचा सुमेध घरी आला आहे. जहाज सोडून आला आहे. तुम्ही आजारी आहात हे त्याला कळवायचं नाही, असं तुम्ही मला शिरूरच्या दवाखान्यात बजावलं होतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी मी त्याला फोन लावला. तुम्हाला हे आवडलं नसतं, म्हणून बाकीचं काही लिहिण्याआधी तेवढं सांगून टाकतो.

शोकसभेत तुमच्याबद्दल चांगलं बोललं गेलं. कष्टाळू, मनमिळाऊ, अडल्यानडल्याला धावून जाणारे. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते ऐकून कुणाला तुम्ही ओळखू आला नसतात. शिक्रापुरातल्या निम्म्या माणसांना तेच शब्द चालले असते. मला बोलायला सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, हा माणूस माझ्याशी भांडायचा आणि भांडताना माझं पूर्ण ऐकून घ्यायचा. माझ्या घरी मी आकडे सांगायला लागलो की मुलं उठून जातात आणि बायको कुकर लावते. तुम्ही तेवढे बसून राहायचात. हसायचात, पण बसून राहायचात. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मेहुण्यानं दाजीचे आभार मानायची आपल्याकडे रीतही नाही.

रविवारी मी दौंडहून निघायचो, केडगाव चौफुल्यावरून न्हावरं करत तुमच्याकडे यायचो. गाडी लावतो न लावतो तोच ओट्यावरून आवाज यायचा, "या पाव्हणं! आज कुठला हिशेब आणला?" ताई आतून म्हणायची, "त्याला आधी पाणी तरी पिऊ द्या." तुमचं उत्तर ठरलेलं, "पाणी पिऊन हिशेब गार व्हतो."

गॅस तुमच्या घरात दोन पिढ्यांचा. तुम्ही तीस वर्षं गॅसचा टँकर चालवलात, तो लांब गोल पोटाचा, ज्याला तुम्ही लोक बुलेट म्हणता. समुद्राकाठी भरायचा, खंडाळ्याचा घाट चढवायचा, आपल्या भागात सिलिंडर भरतात तिथं आणून रिकामा करायचा. सुमेध शिकून जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला, तर त्यालाही मिळालं ते गॅसचंच जहाज. "बाप रस्त्यानं आणायचा, लेक पाण्यानं आणतोय," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. मी रेल्वेच्या मालवाहतुकीच्या कचेरीत. त्यामुळं आपल्या तिघांत बोलायला विषय एकच, की माल कुठून निघाला, कुठं अडला आणि कुणामुळं अडला.

तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू झाला तेव्हा सुमेध नवा होता, शिकाऊ. त्याचं जहाज सुएझकडे जायचं, ते वळवून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून नेलं. तुम्हाला ते पटेना. मी तुमच्या ओट्यावर खडूनं नकाशा काढला.

"ही आफ्रिका व्हय?" तुम्ही म्हणालात. "मला वाटलं वांगं काढलं."

"वांगंच समजा. जहाजाला वांग्याच्या डोक्यावरून जायचं होतं, आता बुडाखालून जातंय."

"आन् मधी कापून जाता येत न्हाई?"

"मध्ये जमीन आहे, दाजी."

तुम्ही उकडलेली शेंग घेऊन तिला वांग्याभोवती फिरवलंत आणि शेवटी ती सोलून खाल्लीत. ताई म्हणाली, "खाल्लं का माझ्या पोराचं जहाज?" आपण सगळे हसलो. ते हसणं सोपं होतं, कारण तेव्हा वळसा होता. दिवस जास्त लागत होते, इंधन जास्त जळत होतं, विमावाले हात वर करत होते. पण वाट होती.

यंदा आखातात पेटलं तेव्हा मी तुम्हाला पहिल्याच रविवारी सांगितलं, ही गोष्ट निराळी आहे. मनमाडकडच्या गाडीला पूर्वी दौंडात येऊन इंजिन फिरवावं लागायचं. मग कॉर्ड लाइन झाली, आता दौंडात न शिरता बाहेरून जाता येतं. आखाताला कॉर्ड लाइन नाही. आत जायला आणि बाहेर यायला तोंड एकच, होर्मुझचं. तेलाला थोडीफार पाइपलाइन आहे, ती ते तोंड चुकवून बाहेरच्या किनाऱ्याला जाते. सिलिंडरच्या गॅसला ती सोय नाही. आपल्याकडे लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक त्या एका तोंडातून.

तुम्ही विचारलंत, "आन् सुमेध कुठाय? तोंडाच्या आत का बाहेर?"

बाहेर होता. जहाज रिकामं होतं. नांगर टाकून उभं होतं आणि आत जाऊन भरून आणायच्या हुकमाची वाट बघत होतं.

शिक्रापुरात त्याची झळ यायला फार दिवस लागले नाहीत. चौकातल्या हॉटेलवाल्यांना सिलिंडर मिळेनात. भट्ट्या बंद झाल्या. कुणी लाकडं आणली, कुणी पाटीवरचे निम्मे पदार्थ पुसले. तुमच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कारखान्यातली पोरं, बिहारकडची. त्यांचं सगळं छोट्या सिलिंडरवर. ते भरून मिळेना तशी त्यांनी गच्चीत विटांची चूल मांडली. ताईचं धुणं काळं झालं. ती जिन्यातून ओरडली. त्यांनी वरून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवली. त्यांना तरी दुसरा उपाय कुठं होता?

पण त्यांनी तुम्हाला सोडलं नाही. जहाज सुमेधचं आहे हे त्यांना माहीत होतं. कामावरून येताना ओट्यापाशी थांबायचे.

"अंकल, भैया का जहाज कहाँ तक आया?"

"आ रहा है."

"रात की खिचडी तक आ जाएगा?"

"तुम तांदूळ भिगाके रखो रे. बाकी मेरा लडका देखेगा."

ते हसत वर जायचे. मग तुम्ही माझ्याकडे वळून हळूच विचारायचात, "खरंच किती बसतो वो गॅस एका जहाजात?" मी हिशेब केला. तुमच्या बुलेटमध्ये साडेसतरा टन, म्हणजे घरगुती सिलिंडर साधारण बाराशेच्या वर. सुमेधच्या जहाजासारख्या मोठ्या जहाजात पंचेचाळीस हजार टन, म्हणजे एकतीस लाखांहून जास्त सिलिंडर. अडीच हजारांवर बुलेट लागतील.

तुम्ही विचारलंत, "म्हंजी माझं पोरगं एका खेपेला अडीच हजार ड्रायवरचं काम करतं?"

"एकटा नाही. पंचवीस जण आहेत जहाजावर."

"मग शंभर ड्रायवरचं."

"हां. शंभर."

"बास झालं की! शंभर काय कमी हायत?" असं म्हणून तुम्ही ताईला हाक मारलीत, "ऐकलं का, तुझं पोरगं शंभर ड्रायवर हाय." ताई म्हणाली, "एकाचाच सांभाळ करता करता माझे केस पिकले."

सुमेधचा फोन आला त्या रविवारी मी तिथंच होतो. त्यानं सांगितलं, कॅप्टननं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावून एकेकाला विचारलं. आत जायचं आहे, धोका आहे, ज्याला यायचं नाही त्यानं सांगावं. त्याला उतरवून घरी पाठवू, त्यात कमीपणा नाही. सुमेधनं संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतली होती.

मी लगेच म्हणालो, "उतर."

तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात. "हे बघ, मामाचं ऐकू नको."

"मग तुमचं ऐकू?" पोरगं हसलं.

"माझंबी ऐकू नको. इथं ओट्यावर बसून आम्हाला काय दिसतंय? तुला काय दिसतंय ते बघ."

त्यानं संध्याकाळी कळवलं की तो थांबतोय. तेव्हा आपलं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणालो, तुम्ही बाप आहात, तुम्ही ‘ये’ म्हणाला असतात तर तो आला असता. तुम्ही म्हणालात, "आला असता. म्हणूनच म्हणलो न्हाई."

"का पण? गॅस आणायला तो एकटाच आहे का? दुसऱ्यांची पोरं आणतील."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काही भलतंच बोललो होतो. "पाव्हणं, दुसऱ्यांची म्हंजी कुणाची?"

मी विषय तिथंच सोडला. पण पटलं म्हणून नाही. मला वाटलं, हे बोलायला छान आहे, हिशेबात बसत नाही. ज्याचा मुलगा त्याला जवळचा, यात चूक काय? जगातल्या प्रत्येक बापानं तुमच्यासारखा विचार केला तर एकाही पोराला कुणी परत बोलावणार नाही. हे मी तुम्हाला पुढच्या रविवारी सांगायचं ठरवलं होतं. पण त्या रविवारी वेगळाच घोटाळा झाला.

सुमेधनं तुमच्या मोबाइलवर जहाजांचा नकाशा घालून दिला होता. त्याचं जहाज म्हणजे एक बारीक त्रिकोण. तुम्ही चहाच्या वेळी तो उघडायचात, त्रिकोण पाण्यात आहे हे बघायचात आणि फोन ताईकडे द्यायचात. त्या सकाळी ताईनंच आधी बघितलं. त्रिकोण निळ्यावर नव्हता, पिवळ्यावर होता. जमिनीवर. ताईनं सरळ अर्थ काढला की पोरगं उतरलं, जमिनीवर आलं, आता विमानात बसेल. तिनं गल्लीत चार घरी सांगितलं. मी पोचलो तेव्हा शेजारणी येऊन गेल्या होत्या, वरची पोरं "बधाई हो अंकल" म्हणत खाली आली होती आणि ताई शिऱ्यासाठी रवा भाजत होती.

मी फोन बघितला. जहाज किनाऱ्यापासून बरंच आत, वाळवंटात उभं होतं. शेजारी आणखी दहा-बारा जहाजं. सगळी वाळूत.

तिकडं लढाईत एकमेकांच्या विमानांची वाट चुकवायला उपग्रहाचे इशारे बिघडवतात, त्यामुळं जहाजाची जागा खोटी दिसते. मी तुम्हाला ते समजावून सांगितलं. जहाज आहे तिथंच आहे, नकाशा खोटं बोलतोय. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "चला, म्हंजी आमचं जहाज आता उंटं वढत्यात." पोरं हसली. तुम्ही पण हसलात. पण स्वयंपाकघरात जाऊन ताईला सांगायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. मी सांगितलं. भाजलेल्या रव्याचा शिरा करून तिनं सगळ्यांना दिला, वाया कशाला घालवायचा म्हणून. तो खाताना तुम्ही मला विचारलंत, आणि त्या वेळी ‘पाव्हणं’ म्हणाला नाहीत, "पोरगं भ्यालं असंल का रं?"

मी तुम्हाला त्या आठवड्यात किती जहाजं आत जाऊन सुखरूप बाहेर आली ते सांगायला लागलो. तुम्ही मान हलवत राहिलात. तुम्हाला आकडा नको होता हे मला दौंडला परत येताना, पारगावच्या पुलावर कळलं.

त्यानंतर तुमची छाती दुखायला लागली. जुनी तक्रार होती, पण या वेळी शिरूरला दाखल करावं लागलं. मी सुट्टी टाकून आलो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हाताला सुई होती आणि आवाज नेहमीचाच होता.

"सुमेधला सांगायचं न्हाई."

"का?"

"भरल्या गाडीला बातमी देत न्हाईत."

हे मी पूर्वीही ऐकलं होतं. तुमच्या टँकरवाल्यांची रीत आहे ही. ड्रायव्हर रस्त्यावर असताना त्याच्या घरी काही वाईट झालं तर वाटेत कुणी सांगायचं नाही. मालक सांगणार नाही, टपरीवाला सांगणार नाही, समोरून येणारा दोस्त हात दाखवून निघून जाईल. गाडी रिकामी झाली, चावी हातातून सुटली, की मग सांगायचं. तुमची आई गेली तेव्हा तुमच्या बाबतीत हेच झालं. तुम्ही भरलेली गाडी घेऊन घाट चढत होतात. वाटेत तीन दोस्त भेटले, तिघांनाही माहीत होतं. एकानं तुम्हाला चहा पाजला आणि तुमच्याकडे न बघता पाजला. तुम्ही घरी पोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं.

"तुम्हाला त्यांचा राग नाही आला?" मी त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं.

"कशाचा? कळलं असतं तर घाटात माझा पाय ब्रेकवर आन् मन आईपाशी राहिलं असतं. खाली गावं हायत. सतरा टन गॅस हाय."

"पण सुमेध घाटात नाही. नांगर टाकून उभा आहे. आणि जहाज रिकामं आहे, तुमच्याच रीतीनं बघितलं तरी सांगायला हरकत नाही."

तुम्ही हसलात. असा मुद्दा मिळाला की तुम्हाला बरं वाटायचं, हरत असलात तरी. "पाव्हणं, तीस वर्षांत मी रिकामा टँकर कवा आणला न्हाई. रिकामा म्हणत्यात, पर आत गॅस राहतोच. इंजिनावर माणूस हाय ना? मग गाडी भरलेलीच."

मला उत्तर सुचलं होतं. पण नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. "बघतो," एवढंच मी म्हणालो. वचन दिलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

दवाखान्याच्या पायरीवर मी आणि ताई बसलो होतो. मी म्हणालो, "सुमेधला कळवायला हवं."

"त्यांनी न्हाई म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मला वाटतं कळवावं. तो वेळेवर पोचणार नाही, विमानांची तशी सोयच नाही सध्या. पण त्याला माहीत असावं."

ताई समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं ती नको म्हणेल. तिनं आयुष्यभर तुमच्या रीती पाळल्या. ती म्हणाली, "यांची आई गेली तवा मी घरात होते. तुला त्यांनी चहाचं सांगितलं असंल, घाटाचं सांगितलं असंल. ते घरी आले तवाचं सांगितलं न्हाई. आले, हातपाय धुतले, आन् इचारलं, आई कुठाय? घरात वीस माणसं, एकाच्याबी तोंडातून शब्द फुटंना. दुसऱ्यांदा इचारलं. मग आत जाऊन तिची वाकळ बघून आले. मला ते परत बघायचं न्हाई. लाव फोन. मी बोलते."

मी फोन लावला, ती बोलली. तुमची रीत मोडली ती अशी. मी एकट्यानं नाही, पण मोडायची गोष्ट मी काढली. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हेही इथं लिहून ठेवतो. तुमच्या रीतीत खालच्या गावांचा विचार आहे, गाडीचा आहे, मालाचा आहे. हातपाय धुऊन ‘आई कुठाय’ विचारणाऱ्या माणसाचा नाही. आणि तुम्ही ती गोष्ट सांगताना नेमका तेवढाच भाग दर वेळी गाळत आलात. का, ते विचारायचं राहून गेलं.

अग्नी ताईनं दिला. बुद्धवंदना झाली, वरच्या पोरांनी खांदा दिला. त्यांच्यातला एक नंतर ओट्यापाशी उभा राहिला आणि सवयीनं तुमच्या खुर्चीकडे वळला, मग जिना चढून गेला.

सुमेध दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ताईनं सकाळपासून दार उघडं ठेवलं होतं आणि स्वतः उंबऱ्यात बसली होती, म्हणजे त्याला आत येऊन काही विचारावं लागू नये. तो तिच्या शेजारी तसाच बसला, बूट न काढता. तिथूनच मला म्हणाला, "मामा, पप्पांनी कळवायला सांगितलं होतं?"

"नाही. नको म्हणाले होते."

"मला वाटलंच." तो थोडा हसला. तुमच्यासारखं, ओठ बंद ठेवून.

मग त्यानं उतरल्याची हकिगत सांगितली. बातमी कळल्यावर कॅप्टन म्हणाला, तू जा. किनाऱ्यावरच्या हॉटेलात बदलीचा एक इंजिनिअर बसून होता. त्याला लाँचमधून आणलं. तो शिडीनं वर आला, मग हा खाली उतरला. मध्ये दोघं दोन मिनिटं बोलले. "दोन नंबरचा जनरेटर तापतो, तेवढं बघ, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, घरी जा, मी बघतो. नदीम नाव त्याचं. दापोलीकडचा आहे."

"घाबरलेला होता?" मी विचारलं.

"मामा, मी पण होतो."

तेवढं उत्तर तुम्हाला हवं होतं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी जहाजं मोजत बसलो होतो. आता तुमचं उत्तर माझ्याकडे आलंय आणि द्यायला तुम्ही नाही.

दोन दिवसांनी जहाजाला हुकूम मिळाला आणि ते आत गेलं. त्या तोंडातून जाताना जहाजं आपली खूण बंद करतात, नकाशावर दिसायचं थांबतात. खोटी जागाही दिसत नाही. सुमेध जेवतो, ताईशी बोलतो, तुमच्या कपड्यांच्या घड्या घालतो. मधूनच फोन काढून बघतो आणि पुन्हा खिशात ठेवतो. पुन्हा जहाजावर जाणार का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तुम्ही असतात तर मला विचारू दिलं नसतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी पाहुणे पांगले होते आणि सुमेध आत झोपला होता. त्याचा फोन वाजला, मी घेतला.

"मी नदीमचा अब्बा बोलतो, दापोलीवरून. तुमच्या घरात गमी झाली, सुमेधचे वडील गेले, असं पोरानं कळवलं होतं. म्हटलं दोन शब्द बोलावं. आधीच करायला हवा होता फोन."

मी आभार मानले. सुमेधचा मामा आहे असं सांगितलं.

"पोरगा पोचला ना वेळेवर?"

"नाही. उशीर झाला."

"हां. समुद्रावरच्याला उशीर होतोच. माझे वालिद वारले तेव्हा मी पण बोटीवर होतो." मग म्हणाले, "आमचा नदीम आत गेला. फोन लागत नाही. तुमच्याकडे काही कळलं का?"

"आमच्याकडेही नाही."

"बरं, बरं. मी आपलं सहज विचारलं." तरी त्यांनी फोन ठेवला नाही. "एक विचारू का? तुमचा भाचा उतरला ते तुमच्या घरच्या कारणानं उतरला. ते बरोबरच आहे. पण त्याच्या आधी, कॅप्टननं विचारलं होतं म्हणे सगळ्यांना. तेव्हा तुम्ही घरच्यांनी काय सांगितलं त्याला? नाही, म्हणजे... नदीमनं पण मला विचारलं होतं. मी म्हटलं, जा. आता त्याची आई माझ्याशी बोलत नाही."

मी म्हणालो, "मी उतर म्हणालो होतो. त्याचे वडील म्हणाले, तुला दिसतंय ते कर."

"मग बरोबर कोण होतं?"

दाजी, तुमच्यासमोर मी या प्रश्नाला तासभर बोललो असतो. दोन्ही बाजू मांडल्या असत्या, किती जहाजं गेली, किती थांबली, सगळं. त्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही निघेना. उतर म्हणणं बरोबर होतं असं सांगितलं तर त्याच्या बायकोचा अबोला खरा ठरतो. जा म्हणणं बरोबर होतं असं सांगावं, तर आमचा आतल्या खोलीत झोपला होता.

मी म्हणालो, "मला माहीत नाही. पण सुमेधकडे जहाजावरचे आणि कचेरीतले नंबर आहेत. मी रोज चौकशी करत जाईन, आणि तुम्हाला फोन करत जाईन."

"कशाला तुम्हाला त्रास. तुमच्याकडे आत्ताच..."

"करतो मी."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी दापोलीला फोन करतो. जहाज अजून दिसलेलं नाही, एवढंच सांगायला करतो. ते म्हणतात, बरं झालं फोन केलात. काल पहिल्यांदा फोन नदीमच्या आईनं उचलला.